गुणपत्रिकेत नसलेला रकाना

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, विश्वस्त मंडळ,
आमचा स्कूल डिस्ट्रिक्ट, उत्तर टेक्सास;
तसेच बँड बूस्टर क्लबची कार्यकारिणी

विषय : मे महिन्याच्या सभेतील दोन ठराव आणि मार्चिंग बँडच्या खर्चाबाबत मागण्या

सन्माननीय विश्वस्तहो,

मे महिन्याच्या सभेत आपण एकापाठोपाठ दोन निर्णय घेतलेत. महामार्गाच्या पश्चिमेकडील हायस्कूलच्या बूस्टर क्लबने, म्हणजे बँडसाठी पैसे गोळा करणाऱ्या पालकांच्या संघटनेने, देऊ केलेला नवा ट्रेलर, मैदानावर उभे करायचे प्रॉप्स आणि ध्वनियंत्रणा आपण देणगी म्हणून स्वीकारली. चर्चेविना एकत्र मंजूर करायच्या विषयांच्या यादीत ती असल्यामुळे कोणाला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्यानंतर पूर्वेकडील दोन मिडल स्कूलमधील मोडकी वाद्ये बदलण्याचा प्रस्ताव आपण निधीअभावी पुढे ढकललात, आणि तोही सलग तिसऱ्या वर्षी. दोन्ही ठराव नियमाला धरूनच होते, याबद्दल माझा वाद नाही. तरीही मला गप्प बसवत नाही, कारण पहिल्या ठरावातील देणगीचे पैसे ज्यांनी गोळा केले त्यांत मी होते.

मी मूळची साताऱ्याची. गेली १६ वर्षे आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. माझा मुलगा याच पश्चिमेकडील हायस्कूलच्या बँडमध्ये चार वर्षे ट्रंपेट वाजवून गेल्या वर्षी बाहेर पडला आणि मुलगी येत्या ऑगस्टमध्ये तिच्या पहिल्या समर बँडला, म्हणजे बँडच्या उन्हाळी सरावाला, जाईल. मधली दोन वर्षे मी बूस्टर क्लबची खजिनदार होते. या पत्राची इंग्रजी प्रत मंडळाच्या कार्यालयात रीतसर दिली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहिते आहे, कारण शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यांत कन्सेशन स्टँडवर नाचोज विकताना आणि स्पर्धेच्या पहाटे ट्रकमध्ये मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे मोठे तालवाद्य) चढवताना माझ्या आजूबाजूला मराठी बोलणारे आईबाप नेहमीच असत. मंडळाला जे विचारायचे आहे, ते मला त्यांनाही विचारायचे आहे.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी थोडे सांगणे भाग आहे. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. अमेरिकेतील हायस्कूलचा मार्चिंग बँड म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढून संचलन करणारे शाळेचे बँडपथक नव्हे. दीडदोनशे मुले फुटबॉलच्या मैदानावर वाजवत वाजवत आकृत्या बदलतात, सोबत ध्वज आणि बनावट रायफली फिरवणारा कलर गार्ड असतो, पुढच्या कडेला मरिंबा, व्हायब्राफोन आणि सिंथेसायझर मांडलेले असतात, आणि हा सारा आठेक मिनिटांचा खेळ जुलैअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत घोटला जातो. आपल्याकडे 'बँडवाला' म्हटले की वरातीपुढे घाम गाळणारा, कोणाच्या तरी लग्नात भाड्याचा भरजरी कोट घातलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि बँडमध्ये जाऊ म्हणणाऱ्या मुलाला आपल्या मध्यमवर्गीय घरात काय उत्तर मिळाले असते हे सांगायला नको. इथे मात्र तीच मध्यमवर्गीय घरे मुलाला बँडमध्ये घालण्यासाठी सहावीपासून धडपडतात. वाद्ये साधारण तीच, वाजवणारी घरे मात्र नेमकी उलटी, याचे मला अजून नवल वाटते.

टेक्सासमध्ये या स्पर्धांचे नियमन युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग करते. १९१० साली टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखाली ती सुरू झाली आणि १९७९ पासून ती राज्य पातळीवरील मार्चिंग स्पर्धा भरवते. अंतिम फेरी सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये होते. देशपातळीवर बँड्स ऑफ अमेरिका ही स्पर्धा आहे. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली, आणि ग्रँड नॅशनल्स ही तिची मुख्य राष्ट्रीय स्पर्धा २००८ पासून इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये होते. या नोव्हेंबरमध्ये आमची पश्चिमेकडील शाळा तिथेच जाणार आहे. माझे म्हणणे आता मुद्द्यांनी मांडते.

पहिली तक्रार वर्गवारीची आहे. दोन्ही स्पर्धांत शाळांचे गट पडतात ते पटसंख्येवरून. टेक्सासमध्ये १ए ते ६ए, तर बँड्स ऑफ अमेरिकात ए ते एएएए. मोठ्या शाळेने लहान शाळेशी भिडू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण आमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये महामार्गाच्या दोन बाजूंना दोन हायस्कूल आहेत, दोघांचा पट जवळपास सारखा, दोघेही ६ए, आणि दोघे एकाच प्रादेशिक स्पर्धेत उतरतात. एका बँडला राज्य पातळी हुकली की बैठकीत दुखवटा पाळल्यासारखी शांतता पसरते, तर दुसऱ्याला पहिल्या दर्जाचे मानांकन मिळाले तर पेढे वाटावेत असा आनंद होतो. पट सारखा असताना हा फरक कुठून आला, याचे उत्तर वर्गवारीच्या तक्त्यात शोधून सापडत नाही. ते टेक्सास एज्युकेशन एजन्सीच्या दुसऱ्याच तक्त्यात आहे, जिथे प्रत्येक शाळेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांची टक्केवारी दिलेली असते. मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असणे हा तिचा मुख्य निकष. साऱ्या राज्यात असे विद्यार्थी सुमारे ६० टक्के आहेत. आता राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत मोठ्या गटात वारंवार दिसणारी नावे आठवा : मार्कस, फ्लॉवर माउंड, हेब्रॉन, व्हँडेग्रिफ्ट, रेगन. नकाशावर ही बहुतेक नावे मोठ्या शहरांच्या कडेच्या, नव्या घरांच्या उपनगरांत पडतात. ग्रँड नॅशनल्स अनेकदा जिंकणारे कार्मेल हे इंडियानापोलिसचे सुखवस्तू उपनगर आहे; २००८ ते २०१० अशी सलग तीन वर्षे जिंकलेले एव्हनही त्याच शहराच्या कडेला. ओक्लाहोमातील ब्रोकन ॲरो त्या मानाने साधे गाव, पण तेही टल्साचे उपनगरच. या शाळांच्या मुलांनी मिळवलेल्या यशातला एक कणही मला कमी करायचा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पटसंख्या विचारणारी स्पर्धा घरची परिस्थिती विचारत नाही, आणि निकाल लावताना मात्र दोन्हींचा निकाल एकदम लावते.

दुसरी तक्रार गुणदानाची. बँड्स ऑफ अमेरिकाच्या १०० गुणांपैकी वादनाच्या अचूकतेला २० आणि दृश्य सादरीकरणाच्या अचूकतेला २० गुण असतात. उरलेले ६० गुण 'जनरल इफेक्ट'चे, म्हणजे एकूण परिणामाचे. परिणाम मुलांच्या वाजवण्यातून घडतो हे खरेच, परंतु तो रचणारी माणसे वेगळी असतात. संगीत बांधणारा एक, आकृत्या आखणारा दुसरा, हालचाली बसवणारा तिसरा, तालवाद्यांचे लिहिणारा चौथा, ध्वनी आणि सिंथेसायझरची योजना करणारा पाचवा, आणि साऱ्या खेळाची कल्पना सुचवणारा आणखी कोणी. पश्चिमेकडील शाळेत ही सगळी कामे मानधन घेणारी व्यावसायिक माणसे करतात, तर पूर्वेकडील शाळेत एक बँड डायरेक्टर आणि त्याचा एक साहाय्यक रात्री जागून करतात. आमच्याकडे पोशाखही दर वर्षी त्या वर्षीच्या कल्पनेनुसार नवा शिवला जातो. तिकडच्या मुलांच्या अंगावरचे कोट त्या मुलांपेक्षा वयाने मोठे आहेत. परीक्षक पक्षपात करतात असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्यासमोर जे येते त्याला ते प्रामाणिकपणे गुण देतात, मात्र जे येते त्यातला किती भाग विकत आणलेला आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

इथे एक बाजूची गोष्ट. ह्यूस्टन आणि डॅलसच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील शाळांची ग्रॅम्बलिंग, सदर्न किंवा प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्या धर्तीची, गुडघे उंच उचलत नाचत वाजवण्याची स्वतःची परंपरा आहे. तिच्यासाठी स्टेडियम भरतात. पण या गुणपत्रिकेच्या चौकटीत ती बसत नाही, म्हणून ती मुले या स्पर्धांत फारशी दिसत नाहीत. हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे आणि तो माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे लोक आहेत.

तिसरी तक्रार बँडच्या अंदाजपत्रकात कधीच न दिसणाऱ्या खर्चाची आहे, आणि इथे मी स्वतःच्याच घरचा हिशेब मांडते. मुलगा सहावीत असताना त्याला आठवड्याला अर्ध्या तासाची खासगी शिकवणी लावली. शाळेच्याच आवारात, बँडच्या तासाला, ३० डॉलर देऊन. शाळेचे ३६ आठवडे धरले तर वर्षाचे १,०८० आणि बारावीपर्यंतच्या सात वर्षांचे ७,५६० डॉलर झाले. नववीत त्याने चांगले ट्रंपेट मागितले, त्याचे तीन हजारांच्या आसपास. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तो ड्रम कोअरला, म्हणजे शाळेबाहेरच्या तरुणांच्या मार्चिंग पथकाला, गेला, त्या एका उन्हाळ्याचे आणखी काही हजार. विमानभाडी, बूट, मुखपट्ट्या, तेलाच्या बाटल्या मी धरतच नाही. मुलगा राज्य पातळीवर निवडला गेला तेव्हा मी अभिमानाने फोटो टाकला आणि त्याखाली 'मेहनतीचे फळ' असे लिहिले. मेहनत होतीच. रोज पहाटे त्याला उठताना मी पाहिले आहे. पण फोटोखाली हिशेब लिहावा असे मला तेव्हा सुचले नाही. बॅसून, ओबो आणि फ्रेंच हॉर्न ही फुंकवाद्ये वाजवणाऱ्या मुलांच्या घरचा आकडा तर याहून पुष्कळ मोठा असतो. चांगल्या बॅसूनची किंमत दहा हजारांच्या पुढे सहज जाते.

पूर्वेकडील मिडल स्कूलमध्ये आपण पुढे ढकललेली वाद्ये याच ठिकाणी आडवी येतात. सहावीतल्या मुलीला पहिल्या दिवशी मिळालेल्या क्लॅरिनेटचे पॅड गळत असतील, तर तिचा सूर लागत नाही. आणि सूर लागत नाही तो वाद्यामुळे की आपल्यामुळे, हे अकरा वर्षांच्या मुलीला कळण्याचा काही मार्ग नसतो. ती ख्रिसमसपर्यंत वाद्य परत करते. अशी मुले हायस्कूलपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि मग आपण म्हणतो की पूर्वेकडे बँडची आवड कमी आहे.

चौथी तक्रार आहे ती 'योगदाना'ची. टेक्सासच्या शिक्षण संहितेने डिस्ट्रिक्टला काही ठरावीक शुल्के आकारू दिली आहेत, आणि ज्या कुटुंबाला ते परवडत नाही त्याच्यासाठी शुल्कमाफीची पद्धत ठेवणेही बंधनकारक केले आहे. बूस्टर क्लब मात्र शुल्क घेत नाही, तो 'फेअर शेअर' म्हणजे ऐच्छिक योगदान मागतो. कागदावर कोणालाच ते देण्याची सक्ती नाही. व्यवहारात काय होते, ते मी सांगते, कारण ते माझ्या हातून झाले आहे.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सराव सुटल्यावर पार्किंगमध्ये एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा युफोनियम हे पितळी वाद्य वाजवीत असे. बँडमधले त्याचे दुसरे वर्ष होते. बाकीचे सगळे पालक ॲपवरून पैसे भरत, या मात्र जूनपासून दर महिन्याला पांढऱ्या पाकिटात वीस-वीसच्या नोटा आणून देत आणि मी पावती लिहून देत असे. त्या दिवशी एका हातात पाकीट होते आणि दुसऱ्या हातात आवरणात घातलेला पोशाख. मुलगा यापुढे येणार नाही, पण राहिलेल्यापैकी एवढे तरी घ्या, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "अहो, हे ऐच्छिक आहे, पैशासाठी त्याला थांबवू नका." त्यांनी फोन काढून मला एक ईमेल दाखवला. वर मुलाचे नाव, मध्ये तांबड्या आकड्यांत थकबाकी, आणि खाली माझी सही. तो मेल मी लिहिलेला नव्हता. आमची संगणक प्रणाली दर पंधरा दिवसांनी थकबाकीदारांना तो आपोआप पाठवत असे, आणि ती सोय सुरू करण्याचे बटण सप्टेंबरमध्ये मीच दाबले होते. मी पाकीट घेतले नाही, पोशाख घेतला. पोशाखही परत त्यांच्याच हाती द्यायला हवा होता, असे मला त्यानंतर कितीदा तरी वाटले आहे.

पुढे दोन मोसमांच्या याद्या मी समोरासमोर ठेवून पाहिल्या. सप्टेंबरच्या थकबाकीच्या यादीतली काही नावे नोव्हेंबरमध्ये बँडच्या यादीतूनही गेली होती. प्रत्येकाने कारण वेगळे दिले होते. अभ्यास, नोकरी, लहान भावंडे, रस उरला नाही. पैशाचे कारण एकानेही लिहिले नव्हते, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहिले नसते. सवलतीचा अर्ज आमच्याकडे होता, नाही असे नाही. पण तो बूस्टर क्लबच्या खजिनदाराकडे, म्हणजे त्याच रांगेत मुलाला घ्यायला उभ्या असलेल्या शेजारणीकडे करायचा होता.

पाचवी तक्रार वेळेची आहे. शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांपेक्षा अधिक सराव नको, हा लीगचा नियम चांगला आहे आणि आमचे डायरेक्टर तो काटेकोर पाळतात. परंतु ही मर्यादा बँडच्या सरावाला आहे, पैसे देऊन घेतलेल्या शिकवणीला नाही. शिवाय पहाटेच्या सरावाला शाळेची बस येत नाही. ज्या घरात एकच गाडी आहे आणि ती पाच वाजता कामावर निघते, त्या घरातल्या मुलासाठी सात वाजताचा सराव म्हणजे अनुपस्थितीची नोंद.

आता इतिहास, तोही थोडाच. राज्य स्पर्धेची अंतिम फेरी होते त्या अलामोडोमच्या पश्चिमेला काही मैलांवर एजवूड नावाचा स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. १९६८ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध वर्ग सोडून मोर्चा काढला, आणि त्यानंतर डेमेट्रिओ रॉड्रिग्ज यांच्यासह तिथल्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्यात समोर आलेले आकडे असे : एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर, आणि त्याच सॅन अँटोनियो परिसरातील अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. पुढे एजवूडच्याच दुसऱ्या दाव्यात १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची शाळांना पैसे पुरवण्याची पद्धत राज्यघटनेत बसत नाही असे एकमताने ठरवले, आणि १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या मालमत्ता करातील काही भाग इतरांकडे वळवणारी व्यवस्था आली. लोक तिला 'रॉबिन हूड' म्हणतात, आणि आमच्या उपनगरात हे नाव फारसे प्रेमाने घेतले जात नाही. पण या व्यवस्थेत वळवला जातो तो कर. बूस्टर क्लबची देणगी कोणीच वळवत नाही. म्हणजे पंचवीस वर्षे न्यायालयात भांडून जी दरी थोडी बुजवली, तिच्या शेजारीच ट्रेलर भरभरून नवी दरी खणायला आपण परवानगी देत आहोत. आणि आमच्याकडे तर ती दोन डिस्ट्रिक्टमध्ये नाही, एकाच डिस्ट्रिक्टच्या दोन शाळांमध्ये आहे.

दुसरा रस्ता आहे, हेही नोंदवते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात सांगितले की संगीत, नाट्य, खेळ हे शिक्षणाचाच भाग आहेत आणि मोफत शिक्षणाची हमी असलेल्या राज्यात त्यासाठी शुल्क आकारता येत नाही. तरीही शुल्के चालूच राहिली, म्हणून २०१२ मध्ये तिथे वेगळा कायदा करावा लागला. ओरेगॉनमधील पोर्टलंडच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे असा नियम होता की एखाद्या शाळेच्या पालकांनी कर्मचाऱ्यांसाठी गोळा केलेल्या रकमेपैकी पहिले १०,००० डॉलर सोडून उरलेल्याचा एक तृतीयांश हिस्सा साऱ्या शाळांच्या सामाईक निधीत जाईल.

माझ्या ओळखीच्या पालकांचे यावर एक ठरलेले उत्तर असते : "पैशाने सूर विकत मिळत नाही, आमची मुले उन्हात मरमर मरतात." ऑगस्टमध्ये शंभर अंश फॅरनहाइटच्या वर तापलेल्या डांबरावर ती मुले बारा बारा तास उभी असतात, हे मी पाण्याच्या बाटल्या भरत पाहिले आहे. पण पूर्वेकडच्या शाळेचे डांबरही तितकेच तापते. गरीब घरांतल्या मुलांना वाद्य आणि शिक्षक मिळाला की काय होते, हे पाहायचे असेल तर राज्याच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात जावे. देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी तो एक. तरी तिथल्या शाळांच्या मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) पथकांचा दबदबा साऱ्या राज्यात आहे, आणि गिटारॉनसारख्या वाद्यांपासून भरतकामाच्या पोशाखापर्यंत बहुतेक सामान शाळेच्या मालकीचे असते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक. येत्या अंदाजपत्रकात पूर्वेकडील दोन्ही मिडल स्कूलची वाद्ये बदलण्याची तरतूद करावी, आणि ती इतर कोणत्याही संगीतविषयक खर्चाआधी करावी. यात तडजोड सुचवण्याची माझी इच्छा नाही.

दोन. कोणत्याही एका शाळेच्या बँडला मिळणाऱ्या मोठ्या देणगीचा ठरावीक हिस्सा सर्व शाळांच्या सामाईक वाद्यनिधीत जमा व्हावा. किती रकमेपासून आणि किती टक्के, हे मंडळाने जाहीर चर्चा करून ठरवावे. आणि अशा देणग्या यापुढे चर्चेविना मंजूर करायच्या यादीत घालू नयेत. देणगीदार पाठ फिरवतील अशी भीती घातली जाईल. दोन वर्षे मी देणगीदारांचे फोन घेतले आहेत. काही फिरवतील, बहुतेक फिरवणार नाहीत, कारण त्यांची मुले त्याच बँडमध्ये असतात.

तीन. योगदानाची सवलत पालकाने मागावी लागू नये. मोफत जेवणाच्या यादीवरून डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाने ती परस्पर द्यावी, आणि कोणी दिले नि कोणी नाही हे बूस्टर क्लबमधील एकाही पालकाला दिसू नये. थकबाकीचे स्वयंचलित ईमेल आजपासून बंद करावेत. हे शेवटचे काम करायला कोणत्याही ठरावाची गरज नाही; कार्यकारिणीतल्या कोणीतरी ते बटण पुन्हा दाबावे.

चार. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या सरावासाठी दोन्ही हायस्कूलना बस द्यावी.

पाच. प्रत्येक बँडचा वर्षाचा संपूर्ण खर्च, बूस्टर क्लबच्या पैशासह, डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. तसेच राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या आयोजकांना मंडळाने लेखी विनंती करावी की निकालपत्रकात गुणांच्या शेजारी त्या शाळेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांची टक्केवारी छापावी. निदान टेक्सासपुरती ही माहिती सरकारने आधीच जाहीर केलेली आहे, फक्त एक रकाना वाढवायचा आहे. त्यामुळे कोणाचा क्रमांक बदलणार नाही. जिंकणाऱ्याचे पदकही कोणी काढून घेणार नाही. पण बाराव्या क्रमांकाच्या बँडने काय केले आहे, हे तो रकाना वाचणाऱ्याला पहिल्यांदाच कळेल.

मराठी पालकांना एक वेगळी विनंती. कार्यकारिणीची निवडणूक ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत आहे, आणि खर्चाचा आराखडा त्याच बैठकीत मताला येतो. आपण त्या बैठकीला बहुधा मुलांना न्यायला येतो आणि मागच्या रांगेत फोन पाहत बसतो. या वेळी आराखड्याचे तिसरे पान वाचावे. प्रॉप्स, पोशाख आणि सल्लागारांचे मानधन त्यावर असते, आणि सवलतीसाठी राखलेली रक्कम त्याच पानाच्या तळाशी असते. दोन्हींची तुलना आपली आपण करावी. इंडियानापोलिसला माझी मुलगीही जाणार आहे, तेव्हा हा दौरा रद्द करा असे मी म्हणत नाही आणि तसे म्हणण्याचा मला नैतिक अधिकारही नाही.

अंदाजपत्रकावर ऑगस्टअखेर मतदान होईल. त्याआधीच्या सभेत सार्वजनिक निवेदनासाठी मी नाव नोंदवले आहे. तिथे तीन मिनिटे मिळतात, म्हणून यातल्या फक्त पाच मागण्या वाचेन. खजिनदार असतानाच्या दोन वर्षांच्या खर्चाचे गोषवारे, विद्यार्थ्यांची नावे वगळून, सभेच्या सचिवांकडे देईन. दुभाष्याची सोय मंडळाकडून होते असे समजते. त्या संध्याकाळी स्पॅनिश दुभाषी हजर असावा, ही विनंती मी आत्ताच करून ठेवते, कारण त्या पाकीटवाल्या बाईंना मी सभेला येण्याविषयी विचारले आहे आणि त्यांनी अजून नाही म्हटलेले नाही.

आपली नम्र,
एक बँड पालक आणि बूस्टर क्लबची माजी खजिनदार